सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार

घरातल्या लग्नाची डीव्हीडी करायची आहे. चित्रण तयार आहे. त्यावर घालायचं गाणं एमपीथ्री फाईलमध्ये आहे, आणि आजीनं पूर्वी कधीतरी बटणांच्या मोबाईलवर बोललेले आशीर्वादाचे चार शब्द शेवटी जोडायचे आहेत. सगळं संगणकात घेतलं की सॉफ्टवेअर सांगतं, आधी आवाज रूपांतरित करावा लागेल. आपण होकार देतो. एक पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत सरकते, चार मिनिटांचं गाणं काही सेकंदांत तयार होतं आणि आपण पुढच्या कामाला लागतो.

त्या काही सेकंदांत काय घडलं? कुणीही कधीही न मोजलेले एक कोटीहून जास्त आकडे जन्माला आले, तेही अचूक. मग त्यांतले कुठले तुमच्या कानाला कळणारच नाहीत याचा हिशेब झाला. हा हिशेब दर सेकंदाला तीसहून अधिक वेळा, नव्यानं झाला. सगळं एका पट्टीमागे!

पण गाणं तर आधीच छान वाजत होतं, मग ते बदलायचं कशाला? कारण डीव्हीडीला तिचे स्वतःचे नियम आहेत. १९९६च्या अखेरीस जपानमध्ये बाजारात आलेल्या या तबकडीवर सिनेमासारखी डीव्हीडी करायची तर आवाज मोजक्याच रूपांत चालतो: न दाबलेला पीसीएम, डॉल्बी डिजिटल म्हणजेच एसी-थ्री, एमपीटू किंवा डीटीएस. एमपीथ्री या यादीत नाही. काही डीव्हीडी प्लेअर एमपीथ्री वाजवतात, पण ती नुसत्या फाईली भरलेली तबकडी असते. तिच्यात चित्र आणि आवाज हातात हात घालून चालत नाहीत. शिवाय दुसरी अट आहे. आवाजाचे दर सेकंदाला ४८,००० नमुने हवेत, आणि तुमच्या गाण्यात बहुधा ४४,१०० आहेत.

हे नमुने म्हणजे काय? आवाज म्हणजे हवेच्या दाबाची थरथर. मायक्रोफोन त्या थरथरीची वीज करतो आणि यंत्र ती वीज ठरावीक अंतरानं मोजत जातं. आत्ता किती? आत्ता किती? आत्ता किती? सीडीसाठी हा प्रश्न सेकंदाला ४४,१०० वेळा विचारला जातो, आणि प्रत्येक उत्तर ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीचा आकडा असतं. गाण्यातला हुंकार, तानपुऱ्याची जवारी, मंगलाष्टकांनंतरचा टाळ्यांचा कडकडाट या सगळ्याचं रूप अशी एक आकड्यांची माळ.

पण ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून? सरळ चाळीस किंवा पन्नास हजार का नाही?

माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ते टिपायचे तर त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने लागतात. म्हणजे चाळीस हजारांच्या थोडं वर. नेमका आकडा मात्र दूरदर्शन संचानं ठरवला! १९७० च्या दशकाच्या अखेरीस एवढे आकडे भराभर साठवू शकेल असं स्वस्त साधन नव्हतं. होती ती व्हिडिओ टेप. म्हणून अभियंत्यांनी आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र करून व्हिडिओ टेपवर उतरवले. चित्राच्या प्रत्येक रेघेत तीन नमुने बसवले. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रं आणि प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेघा. ६० गुणिले २४५ गुणिले ३ किती? ४४,१००. युरोपातल्या पद्धतीत, म्हणजे आपल्याकडेही चालणाऱ्या पालमध्ये, अर्धचित्रं ५० आणि रेघा २९४. ५० गुणिले २९४ गुणिले ३? पुन्हा ४४,१००! जगातल्या दोन न जुळणाऱ्या टीव्ही पद्धती या एका आकड्यावर येऊन जुळल्या, आणि सीडीनं तोच उचलला. टेप गेली, आकडा राहिला.

डीव्हीडीचे ४८,००० मात्र चित्रासोबत चालण्यासाठीच आहेत. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं, पालमध्ये २५. अठ्ठेचाळीस हजारांना २४ नं भागा: प्रत्येक चित्राच्या वाट्याला बरोबर २,००० नमुने. २५ नं भागा: बरोबर १,९२०. कुठे काही उरत नाही. चित्रासोबत आवाज नेणाऱ्याला आणखी काय हवं?

मग ४४,१००च्या फाईलला नुसतं ४८,००० म्हणून वाजवलं तर? आकडे तेच राहतील, पण वेगानं संपतील. तासाभराचा कार्यक्रम ५५ मिनिटं आणि सात-आठ सेकंदांत आटोपेल. आणि सूर? पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या वर, पांढरी दोनच्या खाली, अशा जागी जाऊन पोहोचेल की तिथे पेटीला पट्टीच नाही. म्हणून नुसती पाटी बदलून भागत नाही. नमुने नव्यानं घडवावे लागतात.

इथून पुढे थोडं सावकाश जाऊ, कारण खरी नवलाई इथे आहे.

एमपीथ्रीमध्ये नमुने थेट ठेवलेलेच नसतात, असतं ते त्यांचं आटोपशीर वर्णन. म्हणून रूपांतर करणारं सॉफ्टवेअर पहिल्यांदा ती फाईल उलगडून ४४,१००च्या माळेत आणतं. चार मिनिटांच्या गाण्याचे एका बाजूच्या स्पीकरसाठी १,०५,८४,००० आकडे. डीव्हीडीला त्याच चार मिनिटांसाठी हवे १,१५,२०,०००. वरचे नऊ लाख छत्तीस हजार कुठेतरी खुपसून चालेल का? नाही, कारण जुन्या आणि नव्या मोजणीच्या वेळाच वेगळ्या आहेत. ४८,००० आणि ४४,१०० यांचं गुणोत्तर १६० ला १४७. बाप आणि लेक एकाच वाटेनं निघाले, बापाची १४७ पावलं होईतो लेकाची १६० झाली, तर दोघांची पावलं एकदम पडतात ती फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या प्रत्येक पावलाला लेकाचा पाय अशा जागी पडतो जिथे बापाचा पडलेलाच नाही.

सेकंदाचा हिशेब मांडला तर जुन्या आणि नव्या मोजणीचे फक्त ३०० क्षण जुळतात. उरलेल्या ४७,७०० क्षणी हवेचा दाब किती होता हे ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्रानं लिहून ठेवलेलं नाही. आपल्या गाण्यात असे क्षण १,१४,४८,०००. आणि संगणक त्या प्रत्येकाचं उत्तर देतो!

अंदाजपंचे? मुळीच नाही. कागदावर दोन ठिपके काढले तर त्यांना जोडणाऱ्या रेषा वाटेल तितक्या, असं आपल्याला वाटतं. पण एक अट घाला: या आवाजात नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून जलद असं एकही कंपन नाही. ही अट पाळणारी आणि सगळ्या ठिपक्यांतून जाणारी वक्ररेषा किती? एकच. दुसरी कुठलीही काढायला गेलात तर तिला ठिपक्यांच्या मधे कुठेतरी मनाई असलेली जलद वळवळ करावीच लागते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली या विचाराचा पाया घातला, रशियात व्लादिमीर कोतेल्निकोव यांनी १९३३ साली आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली तो सिद्धान्त म्हणून मांडला. ठिपक्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे काय आहे हे ठिपक्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक नवा नमुना काढताना आजूबाजूच्या डझनावारी जुन्या नमुन्यांकडे पाहतं. जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी, काहींना तर उणे वजन. सगळ्यांची बेरीज म्हणजे नवा आकडा. चांगल्या सॉफ्टवेअरच्या बेरजेत उरणारी चूक इतकी बारीक असते की कानाला तिचा पत्ता लागत नाही.

आता आकडे तयार झाले, पण ते फार झाले. दोन स्पीकर, सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकाला १६ बिट. दर सेकंदाला १५,३६,००० बिट झाले. दोन तासांच्या सोहळ्याचा नुसता आवाज १३८ कोटी बाइटांचा. साध्या डीव्हीडीत जागा ४७० कोटींची. पाव तबकडीहून जास्त जागा आवाजच खाऊन टाकणार, मग चित्राला काय उरणार?

इथे एसी-थ्री येतं. सेकंदाला १,९२,००० बिटांत ते तेवढंच ऐकवतं. आकार थेट आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से गेले कुठे? आणि गेले तर आपल्याला जाणवत का नाहीत?

कारण ते कधी ऐकूच येणार नव्हते. दादर स्टेशनच्या फलाटावर जलद गाडी धडधडत निघून जाताना शेजारचा माणूस बोलत असतो. त्याचा आवाज हवेत असतो, तुमच्या कानाच्या पडद्यावर आदळतही असतो. तरी शब्द कळत नाही. मोठ्या आवाजानं लहान आवाज झाकला जातो. हेच गाण्यात सतत चालू असतं, फक्त आपलं लक्ष जात नाही. कानाच्या आतल्या शंखात एक पडदा गुंडाळलेला आहे, आणि जाड व बारीक सूर त्याच्या वेगवेगळ्या जागा हलवतात. गेऑर्ग फॉन बेकेशी यांना हे उलगडल्याबद्दल १९६१ साली नोबेल मिळालं. एका जागी जोरदार हालचाल चालू असेल तर तिच्या लगतची हलकी हालचाल त्यात बुडते. जर्मनीतल्या एबरहार्ट त्स्विकर यांनी ऐकण्याच्या साऱ्या पट्ट्याचे असे २४ विभाग आखून दिले. कुठला आवाज कुठल्याला किती झाकतो, याचे चक्क तक्ते आहेत!

झाकणं काळातही चालतं. तबल्यावर जोरात थाप पडली की पुढचा सेकंदाचा दहावा भाग कान थोडा मंद असतो. ते समजण्यासारखं आहे. पण थापेच्या आधीच्या काही हजारांश सेकंदांतला बारीक आवाजही झाकला जातो, हे कसं पटावं? थाप तर अजून पडायची आहे! झालं असं की मेंदूला आवाज समजायला वेळ लागतो, आणि मोठा आवाज मागून येऊन लहानाला गाठतो.

हे सगळं वापरायचं तर आकड्यांच्या माळेतून सूर वेगळे काढावे लागतात. त्यासाठीचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात सुचवलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध १९७४ सालचा. या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी आधी सरकारी अनुदान मागितलं होतं, ते मिळालं नव्हतं. आज डीव्हीडीवरचं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत याच गणितानं दाबलेलं असतं, आणि आवाज त्याच गणिताच्या सुधारित रूपानं. वधूच्या शालूचा रंग आणि सनईचा सूर, दोन्हीमागे एकच युक्ती!

सुधारित रूपाची करामत अशी. माळेचे तुकडे पाडले की सांध्यावर खटका ऐकू येतो. म्हणून तुकडे निम्मे एकमेकांवर चढवले. पण मग नमुने दुप्पट होणार, दाबण्यातला सगळा फायदा गेला. त्यावर उपाय? प्रत्येक तुकड्यातली निम्मी माहिती टाकून द्यायची. प्रत्येक तुकडा एकटा पाहिला तर चुकीचा ठरतो. पण शेजारच्या दोन तुकड्यांतल्या चुका नेमक्या उलट चिन्हांच्या असतात. एकमेकांवर ठेवले की चूक चुकीला खाऊन टाकते आणि मूळ आवाज जसाच्या तसा उभा राहतो. जॉन प्रिन्सेन आणि अॅलन ब्रॅडली यांनी १९८०च्या दशकात हे दाखवून दिलं. एमपीथ्री असो की एसी-थ्री, सगळे त्यावर उभे आहेत.

एसी-थ्रीचा एक घास जवळून पाहू. तो १,५३६ नमुन्यांचा, म्हणजे ३२ हजारांश सेकंदांचा असतो. सुरुवातीला नेहमीची खूण: ०००० १०११ ०१११ ०१११. ती दिसली की प्लेअरला कळतं, नवा घास सुरू झाला. तबकडीवर ओरखडा आला तरी पुढच्या खुणेपाशी तो पुन्हा वाटेवर येतो. आत सहा तुकडे, प्रत्येकी २५६ नमुन्यांचे. कच्च्या रूपात दोन स्पीकरचे मिळून ४९,१५२ बिट झाले असते, इथे सगळं ६,१४४ बिटांत, म्हणजे ७६८ बाइटांत बसवायचं आहे. कुठल्या सुराला किती बिट द्यायचे? जो स्पष्ट ऐकू येतो त्याला भरपूर, जो निम्मा झाकलेला त्याला थोडे, जो पूर्ण झाकलेला त्याला शून्य. मधेच तबल्याची थाप आली तर तुकडे आणखी आखूड केले जातात, नाहीतर दाबण्यातून आलेली खरखर थापेच्या आधीच्या शांततेत पसरून ऐकू येते.

यातली सगळ्यात देखणी गोष्ट पुढेच आहे. बिटांची ही वाटणी प्लेअरला कळणार कशी? वाटणीची यादी सोबत पाठवली तर तीच जागा खाईल. म्हणून यादी पाठवतच नाहीत. सुरांचा ढोबळ आराखडा आणि थोडे सूचक आकडे तेवढे जातात. तुमच्या टीव्हीखालचा प्लेअर त्यांवरून स्वतः गणित करतो की हे ऐकून माणसाच्या कानाला काय कळेल आणि काय नाही, आणि तीच वाटणी पुन्हा शोधून काढतो. म्हणजे त्या पत्र्याच्या डब्यात माणसाच्या कानाचं एक गणिती रूप बसलेलं आहे!

आणि आजीचे चार शब्द? बटणांच्या मोबाईलनं ते एएमआर फाईलमध्ये ठेवलेत. सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे ४८,००० साठी बरोबर सहापट. इथे १४७ आणि १६० ची कटकट नाही. नवल वेगळंच आहे. ही फाईल आवाज साठवतच नाही, ती गळा साठवते. दर वीस हजारांश सेकंदाला ती लिहून ठेवते की स्वरतंतूंकडून कसा धक्का आला, आणि तोंड व घसा यांच्या पोकळीचा आकार त्या क्षणी कसा होता. उत्तम दर्जालाही हे सगळं फक्त २४४ बिटांत! ऐकताना फोन त्या वर्णनावरून तो गळा पुन्हा उभा करतो आणि त्यातून बोलवून घेतो. म्हणूनच या फाईलमध्ये माणसाचं बोलणं ओळखू येतं आणि सनई मात्र केविलवाणी होते, कारण सनईला माणसाचा गळा नाही.

आता ही फाईल एसी-थ्री करताना काय होतं ते पाहा. एका टोकाला बोलणाऱ्याच्या गळ्याचं वर्णन आहे, दुसऱ्या टोकाला ऐकणाऱ्याच्या कानाचं. मधे क्षणभर खरी लहर, शुद्ध आकड्यांची माळ. गळ्यापासून कानापर्यंतचा जो प्रवास बोलताना हवेतून होतो, तोच संगणकाच्या आत गणितातून होतो.

या साऱ्यातून काही कामाच्या गोष्टी निघतात. जे एकदा टाकलं ते परत येत नाही. १२८ किलोबिटची एमपीथ्री उलगडून न दाबलेली वेव्ह फाईल केली तर ती अकरापट मोठी होईल, पण चांगली होणार नाही. एमपीथ्रीनं आपली खरखर कानाला जेमतेम कळणार नाही अशा उंबरठ्याखाली लपवलेली असते. त्यावर एसी-थ्रीनं आपली खरखर टाकली की दोन्ही मिळून उंबरठा ओलांडू शकतात. म्हणून दाबलेल्यावरून पुन्हा दाबण्याची वेळ जितकी टळेल तितकी टाळावी, आणि टळतच नसेल तर १९२ ऐवजी जास्त बिट द्यावेत. एसी-थ्रीला डीव्हीडीवर ४४८ किलोबिटपर्यंत मुभा आहे.

दुसरी गोष्ट. एसी-थ्रीमध्ये संवादाच्या पातळीचा एक आकडा असतो, आणि प्लेअर त्याप्रमाणे सगळा आवाज खाली घेतो. घरी केलेली डीव्हीडी बारीक वाजत असेल तर तिथे उणे ३१ आहे का ते पाहा. त्या आकड्याला प्लेअर आवाजाला हात लावत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत माळ्यावर कॅसेटी पडल्या आहेत: बारशी, मुंजी, भजनं, ओव्या, कुणाचं नुसतं बोलणं. फिती जीर्ण होत आहेत आणि त्या वाजवणारे डेकही दुर्मिळ झालेत. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवरचा रंगही वर्षांनुवर्षं टिकेल याची खात्री नाही, म्हणून डीव्हीडी ही वाटायची प्रत समजा, जपायची नव्हे. कॅसेट संगणकात घेताना थेट एमपीथ्री करू नका. ४८,००० नमुन्यांची, १६ किंवा २४ बिटांची वेव्ह फाईल करा आणि ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. डीव्हीडीसाठी, मोबाईलसाठी, पुढे येईल त्या कशासाठीही दाबलेली प्रत तिच्यावरूनच काढा. सुरुवात सगळ्यात जुन्या कॅसेटपासून करा, आणि ती याच महिन्यात करा.